दाराआडचा आवाज

गाडी घेतली की आधी पेढे, मग सीट कव्हर्स आणि चौथ्या दिवशी म्युझिक सिस्टीम. हा आपल्याकडचा ठरलेला क्रम! आमच्याकडे गाडी नवी नव्हती, बाबांचीच जुनी हॅचबॅक. पण तीन महिने रखडलेलं एक पेमेंट एप्रिलमध्ये अचानक जमा झालं आणि मी जाम खुशीत जाहीर केलं, "बाबा, गाडीला नवे स्पीकर माझ्याकडून!"

"आहेत त्यांना काय झालंय?" बाबा म्हणाले.

झालं काहीच नव्हतं. विविध भारती व्यवस्थित ऐकू येत होतं. पण ऐकतं कोण! त्याच शनिवारी गाडी एका ॲक्सेसरीवाल्याकडे नेली. पाऊण तासात चारही दारं उघडून बंद. "एकदम कडक बेस, मॅडम!" त्याने बेसचं बटण पार टोकाला फिरवून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

जूनमध्ये पाऊस आला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. मग पुढचा उजवा स्पीकर खरखरायला लागला. एक दिवस सहज पायाखालचं मॅट उचललं, तर खाली वर्तमानपत्रांचा थर. ओला गच्च. बाबा म्हणाले, "अगं, रोज बदलतो मी. तुझे एवढे पैसे गेलेत, उगाच कशाला बोलायचं?"

यार, त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग लागले मागे. पहिला शोध असा, की गाडीचं दार आतून कोरडं नसतंच. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरतं, पत्र्यावरून ओघळतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर, म्हणजे प्लॅस्टिकच्या डोअर ट्रिमच्या मागे, एक साधी शीट चिकटवलेली असते. घाईतल्या फिटरला तिची अडचण होते. तो ती टराटरा फाडतो. एप्रिलमध्ये कुणाला काही कळत नाही. बिल जूनमध्ये येतं!

पुन्हा दुकानात जायची हिंमत नव्हती. एका कोरड्या रविवारी बाबा आणि मी, दोघंच पार्किंगमध्ये बसलो. ट्रिम काढणं हे ताकदीचं नाही, धीराचं काम. आधी लपलेले स्क्रू शोधायचे. एक आतल्या हँडलच्या टोपणाखाली, एक आर्मरेस्टच्या खोबणीत. मग खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर ओरखडे पक्के, म्हणून प्लॅस्टिकची पट्टी घ्यायची. क्लिपा टक् टक् सुटतात, दोन-चार तुटतातही. बाबांनी आदल्या दिवशीच नाना पेठेतून मूठभर आणून ठेवल्या होत्या! शेवटी ट्रिम वर उचलून काढायची, पण लटकत सोडायची नाही. मागे पॉवर विंडोचा कपलर आणि हँडलची केबल असते.

आत पाहिलं आणि हसावं की रडावं कळेना. शीटच्या चिंध्या. स्पीकरखालची एमडीएफची रिंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगलेली. कंपनीचे कपलर कापून वायरी पिळून टेप मारलेला. आणि मागच्या एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे! असं झालं की एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. हे तपासायला पेन्सिल सेल पुरतो. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर बरोबर.

मग एकेक दुरुस्त केलं. एमडीएफऐवजी प्लॅस्टिकच्या रिंगा. रिंग का लागते? नव्या स्पीकरचा मॅग्नेट अनेकदा जास्त खोल असतो आणि खाली उतरणारी काच त्याला घासते. म्हणून स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन टॉर्चने बघायचं. पण रिंग फार जाड झाली तर पुढे ट्रिमच्या जाळीला स्पीकर टेकतो. सगळा खेळ थोडक्या मिलिमीटरचा.

दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाईलची डॅम्पिंग शीट लावली. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकंही बंद केली, कारण स्पीकरच्या मागचा आवाज त्यातून पुढे आला की बेस मारला जातो. तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवली. ती बुजवलीत तर दाराची टाकी होईल! स्पीकरभोवती फोमची रिंग लावली, म्हणजे आवाज ट्रिमच्या पोटात न फिरता जाळीतून बाहेर येतो. आणि शेवटी जाड प्लॅस्टिकची नवी शीट. तिची खालची कड दाराच्या आत वळवायची, म्हणजे ओघळलेलं पाणी दारातच परत पडतं. अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच.

तुम्ही स्पीकर घेणार असाल तर खोक्यावरच्या '३०० वॅट'ला भुलू नका. तो आकडा क्षणभराचा, बघायचा तो आरएमएस. '५० × ४' लिहिलेला साधा स्टिरिओसुद्धा प्रत्यक्षात दर स्पीकरला १५-२० वॅटच्या आसपासच देतो. ॲम्प्लिफायर घेणार नसाल तर सेन्सिटिव्हिटी पाहा. ३ डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज. ओहमही जुळवून घ्या. वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मागा. गाडी वॉरंटीत असेल तर हे आणखीनच महत्त्वाचं. आणि साइड एअरबॅग असतील तर थांबा. काही गाड्यांमध्ये धडक ओळखणारा प्रेशर सेन्सर दारातच असतो. तिथे भोकं बुजवण्याचा प्रयोग करू नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

संध्याकाळी साडेसहाला चौथं दार झालं. मी कौतुकाच्या अपेक्षेने गाणं लावायला गेले, तर बाबा दाराशीच उभे. दार लावलं. उघडलं. परत लावलं. आधी पत्र्याचा खण्ण आवाज यायचा, आता नुसतं धप्प.

"दार काय मस्त लागतंय गं!" इतकंच म्हणाले. स्पीकरबद्दल चकार शब्द नाही.

मंगळवारी रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी बाबा खाली जाऊन मॅट उचलून बघून आले, मग चहा घेऊन बसले. पेपर बरेच दिवसांनी गाडीत न जाता त्यांच्या हातात होता.