संसाराचा पुरावा

“मावशी, आमचं लग्न खरं आहे हे कागदावर दाखवायचं म्हणे! आता काय करायचं ओ?” शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतली एक सून परवा दारातूनच म्हणाली. लग्नाला वर्ष झालं. नवरा ऑस्ट्रेलियात नोकरीला. तीन आठवड्यांची रजा संपली तसा तो परत गेला. ही इथं सासू-सासऱ्यांजवळ. आता तिच्या व्हिसाचा अर्ज भरायचा आहे.

पाचशे माणसांसमोर अक्षता पडल्या, आणखी पुरावा कसला? मलाही आधी रागच आला. पण व्हिसासाठी खोटी लग्नंही लावतात, म्हणून तिथलं सरकार तपासतं. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना साधारण १२ महिन्यांचं सहजीवन दाखवावं लागतं. लग्न झालेल्यांना ही अट नाही. नोकरीपायी लांब राहिलात तरी चालतं, पण नातं चालू आहे हे दिसायला हवं. चार गोष्टी बघतात : पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, चारचौघं तुम्हाला जोडपं मानतात का, आणि पुढं एकत्र राहायचा निश्चय.

आम्ही कागद शोधायला बसलो. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर. गॅस त्यांचाच. नवरा पैसे पाठवतो तेही त्यांच्याच खात्यात. रेशनकार्डावर हिचं नाव अजून चढलेलंच नाही. हाती लागलं काय? लग्नाच्या नोंदणीचा दाखला, फोटो आणि रोजच्या व्हिडिओ कॉलची नोंद. वर्षभर घर सांभाळणारी ही पोरगी कागदावर कुठंच नाही!

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या व्हिसाचा नाही. परदेशी निघालेलीला तो आज दिसला. इथं राहणारीला वाईट वेळ आल्यावर दिसतो. लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच सांगितलंय. तेवढा दाखला तरी आधी काढा. बँकेत जोडखातं उघडा, रेशनकार्डावर नाव चढवा.

आणखी एक. हा व्हिसा आधी तात्पुरता असतो. कायमचा मिळायला अर्जापासून साधारण दोन वर्षं जातात. तोवर सगळं मुकाट सोसायचं, असं मुळीच नाही. तिथं गेल्यावर नवऱ्याच्या छळामुळं संसार मोडला, तरी कायमचा व्हिसा मिळू शकतो, अशी सोय तिथल्या कायद्यात आहे. लेकीला निरोप देताना कांदा-लसूण चटणीच्या डब्याबरोबर एवढंही सांगा.

आमचा पसारा बघत बसलेल्या तिच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, “चाळीस वर्सं झाली या घरात. माझं तरी नाव कुठं हाय, बघा की जरा.”