दंडुक्याआधी दोन शब्द

भर चौकात एखादा मनुष्य स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत, हाती दगड घेऊन उभा राहतो. बघ्यांची गर्दी जमते व कोणीतरी पोलिसांस वर्दी देतो. आलेला शिपाई दरडावतो, दंडुका उगारतो आणि आधीच भयाने ग्रासलेला तो जीव अधिकच बिथरतो. पुढे जे घडते, त्यात दोष त्या शिपायाचा किती आणि त्याला दुसरे काही न शिकविणाऱ्या व्यवस्थेचा किती?

कायदा याविषयी मुळीच संदिग्ध नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० अन्वये अशा व्यक्तीस संरक्षणाखाली घेणे, त्यामागील कारण तिला सांगणे व २४ तासांच्या आत तिला नजीकच्या सरकारी आरोग्य संस्थेत पोचविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवण्यास सक्त मनाई आहे. पोलिसांना या विषयाचे प्रशिक्षण वेळोवेळी मिळावे, ही जबाबदारी कलम ३० ने सरकारवर टाकली आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकातील ज्ञान शिपायाच्या जिभेवर व हातात उतरल्यावाचून त्याचा उपयोग काय?

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ साली एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळीस बळी पडला. त्या नगरीने दुसऱ्याच वर्षी निवडक पोलिसांना ४० तासांचे शिक्षण देण्याचा उपक्रम आरंभिला. अंतर राखून उभे राहावे, आवाज खाली आणावा, घाई करू नये, अशा साध्या गोष्टी त्यांना शिकविण्यात आल्या. तितकेच महत्त्वाचे हे की, पोलिसांनी आणलेल्या रुग्णास विनाविलंब दाखल करून घेणारे रुग्णालयही या योजनेत सामील होते.

आमच्या पोलिसांवर बंदोबस्ताचा भार आधीच असह्य आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण शब्दांनी शांत होणाऱ्या माणसाशी झुंजत बसण्याने तो भार हलका होत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. तेथील अनुभवी डॉक्टरांनी पोलीस प्रशिक्षण केंद्रांत जाऊन शिकवावे आणि प्रत्येक ठाण्यात निदान दोन शिकलेले कर्मचारी असावेत. रात्री-अपरात्री आणलेल्या रुग्णास परत पाठविले जाणार नाही, अशी हमी सरकारने द्यावी.

मुलाला आवरणे अशक्य झालेली आई आज पोलिसांना बोलावताना दहादा कचरते. मदत मागावी, तर मुलाला मार बसेल, ही तिची धास्ती. ती धास्ती नाहीशी होईल, तेव्हाच हा कायदा खरोखर अमलात आला, असे आम्ही म्हणू.