गाजरगवताची किंमत कोणी मोजावयाची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओमालिझुमॅब हे औषध अन्नपदार्थांच्या ॲलर्जीवर वापरण्यास अनुमती दिली. शेंगदाणा, दूध वा अंडे यांचा कण चुकून पोटात गेला तरी ज्यांच्या जिवावर बेतते, अशा रुग्णांना या औषधामुळे काही अंशी संरक्षण मिळू शकते. वैद्यकशास्त्राची ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचून घ्यावयाचे हे महागडे औषध आणि वऱ्हाडातील शेतमजुराचे जीवन यांमधील अंतर इतके मोठे आहे की, त्या वार्तेने येथे कोणाच्या घरी दिवा लागण्याचा संभव नाही. वऱ्हाडातील एका मोठ्या ॲलर्जीचे कारण प्रयोगशाळेत शोधण्याचीही गरज नाही. ते शेताच्या धुऱ्यावर, पडीत जमिनीत, रेल्वेच्या रुळांलगत आणि शाळेच्या कुंपणाशी कमरेइतके वाढून पांढऱ्या फुलांनी डोलत असते. त्याचे नाव गाजरगवत.

ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजिला. शरीराची संरक्षणव्यवस्था निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते आणि या झुंजीत घाव मात्र शरीरालाच बसतात, असा त्याचा साधा अर्थ सांगता येईल. गाजरगवत हे घाव दोन प्रकारांनी करते. त्याचे परागकण नाकात गेले की शिंका, वाहते नाक, क्वचित दमा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूर येथील संशोधनात, नाकाच्या ॲलर्जीच्या तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३४ टक्के रुग्णांची त्वचाचाचणी या परागकणांना प्रतिसाद देणारी आढळली होती. दुसरा प्रकार त्वचेचा. या झाडाच्या पानांवरील सूक्ष्म लवीत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे त्याचा स्पर्श होत राहिला म्हणजे काही माणसांची त्वचा एके दिवशी बंड करून उठते. पापण्या, मान, कानामागचा भाग, कोपराच्या खोबणी लाल होतात, खाजतात, चिघळतात आणि कालांतराने कातडी जाड व काळवंडलेली होते. पुढे झाडाला हात लावण्याचीही आवश्यकता उरत नाही. वाळलेल्या झाडाचा वाऱ्याने उडालेला चुरा पुरेसा होतो. एकदा जडलेली ही संवेदनक्षमता सहसा जन्मभर सुटत नाही.

या गवताची भारतातील हकीकत महाराष्ट्रातूनच सुरू होते. १९५५ मध्ये ते पुण्यात दिसले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर ते आले, ही समजूत गावोगाव रुजलेली आहे. परंतु त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे. म्हणजे करारापूर्वीच पाहुणा दारात उभा होता. त्याहूनही जुने भारतीय नमुने वनस्पतिसंग्रहांत असल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. आयात धान्याने त्याच्या प्रसाराला हातभार लावला नसेल असे नाही. पण ज्या गवताला लोक विनोदाने ‘काँग्रेस गवत’ म्हणतात, त्याचा सारा दोष सात दशकांपूर्वीच्या एखाद्या जहाजावर टाकून आजची जबाबदारी झटकता येणार नाही. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या त्वचारोगाचे सविस्तर वर्णन लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात केले. याचा अर्थ, रोग कळून अर्धशतक उलटले आहे. ज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे ती हिशेबाची.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. त्वचेची ॲलर्जी नेमकी कशाची, हे ठरविण्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी करतात. भारतीय रुग्णांसाठी ठरविलेल्या चाचणीसंचात गाजरगवताचाही समावेश आहे. पट्ट्या दोन दिवसांनी काढून पाहावयाच्या आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहावयाच्या. तोवर पाठ भिजता कामा नये, घाम येता कामा नये. तेल्हारा किंवा पातूर तालुक्यातील खेड्यातून अकोल्यास येणाऱ्या मजूर स्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ तीन खेपांचे एस.टी.चे भाडे, बरोबर येणाऱ्या माणसाचा खाडा आणि निंदणाच्या ऐन हंगामातील जवळजवळ आठवड्याची बुडालेली मजुरी. निदान झाल्यावरही हीच गत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी या विकारावर अझाथायोप्रिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आहे. हे औषध नव्या औषधांच्या मानाने स्वस्त आहे. परंतु ते घेताना वेळोवेळी रक्ताची तपासणी करावी लागते. गोळी स्वस्त, खेपा महाग, असा हा व्यवहार आहे.

साहजिकच बहुतेक जण हा मार्ग धरीत नाहीत. अंगावर उठले म्हणजे पित्त समजावयाचे, खाजले म्हणजे नायटा समजावयाचे आणि औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणावयाचे, हीच रूढ चिकित्सा. या मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस आराम पडतो, रोग तसाच राहतो आणि कातडी पातळ होत जाते. अशा चौदा स्टेरॉइड द्रव्यांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, असा निर्बंध केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये घातला. निर्बंध योग्यच होता. पण ज्या गावात त्वचारोगतज्ज्ञ नाही, तेथे चिठ्ठी कोणी लिहावयाची, हा प्रश्न निर्बंधाने सुटत नाही.

शासनाच्या आरोग्य योजनांचा आधारही येथे तोकडा पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेपुढे हतबल होणाऱ्या कुटुंबाला ते वरदानच आहे. परंतु योजनेचा रोख मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. ॲलर्जीचा रुग्ण खाटेवर निजत नाही. तो शेतात उभा असतो. तो मरत नाही, म्हणून मृत्यूच्या आकड्यांत येत नाही. दाखल होत नाही, म्हणून योजनेच्या आकड्यांत येत नाही. आणि जे आकड्यांत येत नाही ते अंदाजपत्रकातही येत नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. गाजरगवताच्या त्वचारोगाविषयी रुग्णालयांतून झालेल्या पाहण्यांत स्त्रियांपेक्षा पुरुषांची संख्या पुष्कळ अधिक आढळते. त्याला पोशाखादी कारणे असू शकतील. पण कपाशी आणि सोयाबीनच्या शेतात ओणवे होऊन निंदण करण्याचे काम वऱ्हाडात प्रामुख्याने कोण करते, हे सर्वज्ञात आहे. रुग्णालयाची नोंदवही तेथे पोहोचलेल्यांचीच गणना करते. न पोहोचलेल्यांची गणना ती करू शकत नाही. म्हणून केवळ नोंदवहीवरून बायकांना हा त्रास कमी आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

अर्थशास्त्रात एक साधे तत्त्व आहे. एखाद्याच्या कृतीचा वा आळसाचा खर्च दुसऱ्याला सोसावा लागत असेल, तर बाजार तो खर्च आपण होऊन भरून देत नाही. गाजरगवत हे या तत्त्वाचे ठळक उदाहरण होय. एका झाडापासून दहा ते पंचवीस हजार बिया तयार होतात आणि वारा, पाणी, वाहनांची चाके, बांधकामाची माती यांबरोबर त्या दूरवर जातात. एका शेतकऱ्याने धुरा साफ केला आणि शेजारचे पडीत तसेच राहिले, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. म्हणून शहाणा शेतकरीही धुरा साफ करीत नाही. त्याचा निर्णय त्याच्यापुरता तर्कशुद्ध असतो आणि साऱ्या गावाच्या दृष्टीने घातक ठरतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला. एवढी कार्यक्षमता या भूमीत अशक्य नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र रस्ता झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या पडणाऱ्या मातीत पहिले बी कशाचे रुजते आणि ते उपटणे कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, याचा विक्रम कोणीही नोंदवीत नाही.

कापसाच्या या मुलखाला एक तुलना सहज पटेल. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना जडणारा विकार हा व्यवसायजन्य रोग म्हणून कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या यादीत कालांतराने समाविष्ट झाला. तो हक्क प्रत्यक्षात किती कामगारांच्या पदरी पडला, हा प्रश्न वेगळा. पण तेथे निदान गिरणी होती, हजेरीपट होता, मालक होता. निंदण करणारी बाई आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. तिची कातडी नेमकी कोणाच्या धुऱ्यावर बिघडली हे ती कोणत्या न्यायालयात सिद्ध करणार? जेथे एक मालक दाखविता येत नाही, तेथे समाजाने मालकाचे दायित्व पत्करावयाचे असते.

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. कर्नाटकाने १९७५ मध्येच या तणाला कायद्याने उपद्रवी ठरविले. १९८३ मध्ये मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा जातीचे भुंगेरे बंगळूर परिसरात १९८४ पासून सोडण्यात आले. गाजरगवताची पाने खाऊन ते झाडाला जेरीस आणतात. पावसाळा हाच त्यांच्या कामाचा हंगाम. वऱ्हाडात आपोआप माजणारा तरोटा दाट वाढला, तर तो गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. तणनाशकाची फवारणी हा मार्ग मोहक वाटतो. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतील विषबाधेने जे बळी घेतले, ते पाहिल्यावर मजुराच्या पाठीवर आणखी एक पंप देताना शंभरदा विचार करावयास हवा.

एका प्रचलित पद्धतीचा मात्र फेरविचार व्हावयास हवा. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. हेतू उत्तम आहे. परंतु हे झाड उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. वऱ्हाडात पाऊस जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो; म्हणजे ऑगस्टच्या मध्यास पहिली पिढी फुललेली असते. फुललेले झाड उपटणे म्हणजे परागकण उधळणे. शिवाय अशा मोहिमांत विद्यार्थ्यांनी उघड्या हातांनी गवत उपटावे आणि छायाचित्र काढून घ्यावे, ही प्रथा रोग हटविणारी नसून नवे रोगी घडविणारी ठरू शकते. मोहीम जुलैत, फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून व्हावी. आणि ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांना त्या कामापासून दूर ठेवावे. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने रोजगार हमीचा विचार देशात प्रथम रुजविला. त्याच विचाराने जुलैतील ही सफाई मजुरी देऊन करवून घेण्यास काय हरकत आहे? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने भुंगेऱ्यांचा आणि तरोट्याच्या बियांचा पुरवठा पाहावा, ग्रामपंचायतीने पडीत जमिनीचा हिशेब ठेवावा आणि रस्ते व रेल्वे यांच्या देखभालीच्या खर्चात कडेच्या तणाचे एक कलम असावे. याखेरीज, अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच; ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती, बुलडाणा आणि वाशीम येथील महाविद्यालयांची त्यात भर पडली. या महाविद्यालयांतील त्वचारोगतज्ज्ञांनी पावसाळ्यात आठवडी बाजाराच्या गावी जाऊन तपासणी केली, तर तीन खेपांचा प्रश्न बराचसा सुटेल.

ॲलर्जीसाठी शासनाने एवढा खटाटोप करावा काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जपानने दिले आहे. युद्धोत्तर काळात तेथे लाकडासाठी सुगी वृक्षांची अफाट लागवड झाली आणि त्यांच्या परागकणांनी आज त्या देशातील सुमारे चाळीस टक्के लोक बेजार आहेत. २०२३ मध्ये तेथील शासनाने अशा वनांचे क्षेत्र दहा वर्षांत सुमारे वीस टक्क्यांनी घटविण्याचे आणि तीस वर्षांत परागकण निम्म्यावर आणण्याचे धोरण जाहीर केले. शिंक ही खासगी बाब असली, तरी तिचे कारण सार्वजनिक असू शकते, हे त्या राष्ट्राने मान्य केले. तेथे त्रस्त झालेल्यांत टोकियोचा मध्यमवर्ग आहे आणि येथे शेतमजूर आहेत, एवढ्याच कारणाने न्याय बदलू नये.

अकोलेकरांना हे अशक्य वाटण्याचे कारण नाही. जानेवारी २०१८ मध्ये मोर्णेच्या पात्रातील जलकुंभी काढण्यासाठी याच शहरातील हजारो नागरिक नदीत उतरले होते आणि त्याची वाखाणणी देशभर झाली. एका तणाविरुद्ध एकदा एकवटलेले हात दुसऱ्या तणाविरुद्ध एकवटू शकतात. फरक इतकाच की, जलकुंभी पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. गाजरगवताने सुजलेल्या पापण्या पदराआड राहतात. त्या पाहण्याची इच्छा असेल, तर येत्या जुलैची तयारी आजपासून करावी लागेल. नसेल, तर या गवताची किंमत यापुढेही तीच बाई मोजत राहील, जिने ते पेरलेही नाही आणि जिच्या मालकीचा धुराही नाही.