मोटारीचे लोअर आर्म बदलताना



भाताची रोपे टाकण्यापूर्वी आपण अवजारांचे नटबोल्ट पाहून घेतो. दारातल्या मोटारीकडेही तसेच पाहावे. लोणावळ्याच्या पावसात मावळातले रस्ते कसे उखडतात, हे तुम्हांस ठाऊकच आहे. खड्ड्यांचा मार बसतो तो पुढची चाके धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला, त्याच्या रबरी बुशांना आणि टोकाच्या बॉल जॉइंटला. बैलगाडीची खीळ निघाली की चाक निखळते. बॉल जॉइंट सुटला की मोटारीचे चाक मोडून पडते. बोरघाटाच्या उतारावर असे होऊ नये.

खड्ड्यात ठकठक आवाज येणे, ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढणे, टायर एकाच कडेने झिजणे, ही लक्षणे ओळखा. चाक उचलून लहान पहारीने आर्म हलवून पाहा. जॉइंट खुळखुळत असेल किंवा बुशाचे रबर फाटले असेल, तर आर्म बदलावा. दोन्ही बाजूंचे आर्म एकदमच बदललेले बरे.

ज्या लहान मोटारींची स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरभोवती असते, त्यांचेच काम घरी करावे. जुन्या जीपला पुढेही पाटे असतात; तिथे हा आर्मच नाही. काही पिकअप गाड्यांत दाबलेली स्प्रिंग थेट आर्मवर बसते. ती सुटली तर जिवावर बेतते. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा. मागच्या चाकांना ओटी लावा. चाकाचे नट सैल करून मगच गाडी उचला आणि खाली लोखंडी घोड्या लावा. केवळ जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नका. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडा. बॉल जॉइंटचा व आतील बुशांचा बोल्ट काढला की आर्म निघतो. स्टॅबिलायझर बार त्याला जोडलेला असेल, तर तोही सोडावा लागतो.

नवा आर्म बसवताना बुशाला ग्रीस लावू नका, रबर फुगते. साबणाचे पाणी पुरे. आता मुख्य गोष्ट. चाक लोंबकळत असताना बुशाचे बोल्ट पूर्ण आवळू नयेत. तसे आवळले तर गाडी खाली बसताच रबराला कायमचा पीळ पडतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. घोड्या तशाच ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा, गाडीचा भार त्यावर येऊ द्या आणि मग बोल्ट आवळा. किती आवळायचे, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. स्प्लिट पिन व लॉक नट नवेच वापरा.

नंतर तळेगावला किंवा लोणावळ्याला जाऊन चाकांचे अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर आठवड्यांत घासतील. चार दिवसांनी सारे नट पुन्हा तपासा, आणि मगच भाजी घेऊन घाट उतरा.