सहा महिन्यांची तारीख कुणासाठी?

चेंबूर स्टेशनजवळच्या एखाद्या दातांच्या दवाखान्यातून निघताना हातात कार्ड पडतं. त्यावर बॉलपेनने पुढची तारीख टाकलेली असते, आजपासून बरोबर सहा महिन्यांनी. दाढ दुखत नाही, हिरडी सुजलेली नाही. मग ही तारीख पाळायची का? असं विचारणारा माणूस आळशीच असतो असं नाही.

डॉक्टरांचं म्हणणं आधी ऐकू. दोन दाढांच्या फटीतली कीड खोल जाईपर्यंत बहुधा ठणकत नाही. हिरड्यांचा आजार ब्रशवरच्या रक्तापलीकडे फारशी वर्दी देत नाही, आणि मधुमेह असेल तर तो जास्तच बळावतो. वेळेत सापडलं तर फिलिंगवर भागतं; उशीर झाला की रूट कॅनल आणि वर कॅप. आरोग्य विमा हा खर्च सहसा उचलत नाही.

मात्र सहाच महिने का, याचं उत्तर डळमळीत आहे. या अंतराला शास्त्रीय आधार काय, असं ऑब्री शायहम यांनी १९७७ मध्येच ‘लॅन्सेट’मधून विचारलं होतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ मध्ये प्रौढांसाठी ३ ते २४ महिने अशी मोकळीक दिली, ज्याच्या त्याच्या जोखमीप्रमाणे. पुढे तिथेच २,३७२ प्रौढांवर चार वर्षं चाचणी झाली. सहा महिन्यांनी येणारे, जोखमीनुसार येणारे आणि धोका कमी म्हणून दोन वर्षांनी बोलावलेले, यांच्या हिरड्यांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

दुसरीकडे, ही सगळी मंडळी मुळात नेमाने तपासणीला जाणारी होती. वाशीनाक्याचा रोजंदारीवरचा माणूस रात्रभर गाल धरून बसल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही, कारण त्या पायरीची किंमत एक खाडा असते. शिवाय मशेरी आणि तंबाखू-चुना. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, आणि तोवर गुटखाबंदीला चार वर्षं झाली होती. ब्रिटनचा निष्कर्ष अशा तोंडांना जसाच्या तसा लावणं धोक्याचं.

तरीही आपल्याकडचा पुरावाही सहा महिन्यांच्या बाजूने साक्ष देत नाही, हे कबूल करायला हवं. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर तीन वर्षांनी नुसती तोंडं तपासली, तरी तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. खुर्ची नाही, एक्स-रे नाही.

आमचा कौल असा: तंबाखू, मधुमेह किंवा वारंवार कीड असेल, तर सहा महिने गैर नाहीत. दात-हिरड्या ठणठणीत असतील, तर वर्षाने किंवा दोन वर्षांनी जायला हरकत नाही. डॉक्टरांनी तारखेशेजारी तिचं कारणही लिहावं. एका ओळीचं तर काम आहे. मात्र पांढरा चट्टा दिसला, दोन आठवडे न भरलेली जखम असली किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर कुठल्याच तारखेची वाट पाहू नये. चेंबूरहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला जाते; तिथून चालत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे.