त्रिकोणावरचं बोट

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्याकडचा एक्स्टेंशन बोर्ड वितळला. आग वगैरे नाही लागली, पण प्लगची एक पिन काळी पडली आणि घरभर जळका वास! गीझर बिघडला होता म्हणून बादलीत पाण्याचा रॉड सोडून तो त्या बोर्डाला लावला होता. कोणी? मीच.

नातू दहावीत. त्याला विचारलं, का झालं रे असं? "आजोबा, शॉर्टसर्किट." (आपल्याकडे विजेचं काहीही बिघडलं की शॉर्टसर्किट!) मग त्याला रॉडवरचा १५०० वॅट हा आकडा दाखवला. म्हटलं, काढ किती अँपिअर ते. पोरानं कागदावर त्रिकोण काढला, वर शक्ती, खाली विभवांतर आणि धारा. हव्या त्या अक्षरावर बोट ठेवायचं की सूत्र तयार. १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा. उत्तर बरोबर! पण बोर्डावर '६ अँपिअर' छापलंय, ते वाचावं असं काही त्याला सुचलं नाही.

त्याला काय बोलणार? हाच त्रिकोण मी फळ्यावर काढलाय. मी बी.ए., मराठीचा मास्तर. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्या गळ्यात पडायचा. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध, लिहा पोरांनो! पोरं पास झाली. असो.

खरं तर अर्ध्या अँपिअरने बोर्ड वितळत नाही. पिन सैल बसत होती, घात तिथे झाला. रॉडचा रोध २३० भागिले साडेसहा, म्हणजे सुमारे ३५ ओहम. सैल पिनेचा समजा जेमतेम अर्धा ओहम. पण उष्णता धारेच्या वर्गावर ठरते. साडेसहाचा वर्ग सव्वाबेचाळीस, त्याच्या निम्मे २१ वॅट, आणि तेही त्या एवढ्याशा पिनेत! रेडिओ दुरुस्तीवाल्याचं डाग द्यायचं यंत्र साधारण २५ वॅटचं असतं, यावरून कल्पना करा.

सौ. म्हणाली, "अहो, कालपर्यंत त्यावर मोबाइल चार्ज होत होता की!" होत होता, कारण १० वॅटच्या चार्जरला त्याच सैल पिनेत जेमतेम एका वॅटचा हजारावा भाग उष्णता होते. बोर्ड कालही तेवढाच वाईट होता.

हा वर्गाचा हिशेब आमच्या पनवेलजवळच्या खोपोलीला १९१५ पासून ठाऊक आहे. टाटांच्या तिथल्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जायची ती उच्च दाबाने. दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीला धारा एक दशांश लागते आणि तारांत वाया जाणारी उष्णता एक शतांशावर येते. मी तिथे मुलांच्या सहली नेल्या, डोंगरावरून उतरणारे पाइप दाखवले. हे मात्र कधी सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं मत, मास्तर मंडळींना राग आला तरी चालेल: तो त्रिकोण वर्गातून काढून टाका. मुलांना घरातल्या इस्त्रीवरचे, पंख्यावरचे, प्लगवरचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगा. गणितं त्यातूनच घाला. 'एका वाहकाचे विभवांतर १२ व्होल्ट असल्यास' हा वाहक कोणाच्या घरात असतो हो?

बोर्ड फेकून दिला. काल नातवाला घेऊन घरभर आकडे लिहीत फिरलो. गीझर २००० वॅट, इस्त्री १०००. मिक्सर तेवढा राहिलाय, त्याचं लेबल सौ.ने घासून घासून कोरं केलंय.