ॲव्हरेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे पेढा तोंडात पडण्याआधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" हायब्रीड मोटारींनी या प्रश्नाला भुरळ पाडणारे उत्तर आणले आहे. २०२२ साली आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रीडचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर! पण हा आकडा रस्त्यावर मोजलेला नाही.

तो प्रयोगशाळेत निघाला. गाडी रोलरवर उभी करायची आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चाके फिरवायची. वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे नाही, एसी बंद. गंमत अशी, की या चाचणीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरेही एमआयडीसीच होतात. आम्हा कागलकरांना एमआयडीसी म्हटले की पंचतारांकित औद्योगिक वसाहत आठवते. तिकडे जाणारा रस्ता मात्र त्या चाचणीत नाही.

हायब्रीडची खुबी थांबण्यात आहे. ब्रेक दाबला की एरवी वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि हळू चालताना इंजिन बंद ठेवून तीच वापरली जाते. म्हणून कोल्हापूरच्या गर्दीत ही गाडी शोभते. पण कागलहून महामार्गाने ताशी शंभराच्या वेगाने बेळगाव गाठायचे, किंवा माणसे भरून सावंतवाडीकडून आंबोलीचा घाट चढायचा, तर इंजिनाला विसावा कुठला?

हौसेने गाडी घेणाऱ्याचे एक वेळ चालेल. कर्ज काढून ती भाड्याने फिरवणाऱ्याचे काय? महिन्याला ३,००० किलोमीटर धरू. २८ च्या हिशेबाने १०७ लिटर पेट्रोल लागेल. प्रत्यक्षात २० च मिळाले तर १५० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी फरक ४,३०० रुपयांचा. तो बँकेच्या हप्त्यातून नाहीतर पोरांच्या फीमधून जाणार.

चाचणी खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. दोन गाड्यांची तुलना करायला फूटपट्टी एकच हवी. पण फूटपट्टीचा आकडा घरखर्चाचा हिशेब म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या मोटारींनी नोंदवलेला खप तपासला. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारींचा तो प्रमाणपत्रापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाला; विजेवर चार्ज करायच्या हायब्रीडांचा तर सुमारे साडेतीन पट!

आपल्याकडेही जाहिरातीत एक नव्हे, तीन आकडे छापण्याची सक्ती हवी : गर्दीतला, महामार्गावरचा आणि घाटातला. तोवर गाडी घेण्याआधी, आपल्याच रस्त्यावर ती चालवणाऱ्याची पेट्रोलची वही मागावी. टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचे किलोमीटर भागिले लागलेले लिटर, एवढाच तो हिशेब आहे.